विरोधी पक्षाचं धोरण ठरतं कुठे?

१ डिसेंबर २००९ रोजी ऑस्ट्रेलियात तेव्हा विरोधात असलेल्या लिबरल पक्षाच्या खासदारांनी माल्कम टर्नबुल यांना हटवून टोनी ॲबट यांना नेता निवडलं, ४२ विरुद्ध ४१ मतांनी. कार्बन उत्सर्जनाच्या परवान्यांची खरेदी-विक्री सुरू करणाऱ्या सरकारी विधेयकाला टर्नबुल पाठिंबा द्यायला तयार होते. ॲबट यांचा विरोध होता. दुसऱ्याच दिवशी सिनेटने विधेयक फेटाळलं. एका रात्रीत जनमत काही फिरलं नव्हतं; फिरला होता तो पक्षातल्या गटांचा तोल.

सत्ताधारी नेत्याला नाराज गटाची समजूत मंत्रिपद देऊन काढता येते. विरोधी नेत्याकडे उमेदवारी, पक्षातली पदं आणि धोरण एवढंच असतं. त्यांत धोरण सर्वांत स्वस्त, कारण त्याची अंमलबजावणी लगेच करायची नसते. म्हणून गटांशी तडजोडी जाहीरनाम्यातल्या ओळींनी होतात.

मग कोणत्या गटाचं वजन जास्त? आधी नेता कोण निवडतं ते पाहावं. ब्रिटनच्या लेबर पक्षात १९८१पर्यंत हा हक्क फक्त खासदारांचा होता. त्या वर्षी कामगार संघटनांना ४० टक्के, तर खासदार आणि स्थानिक शाखांना प्रत्येकी ३० टक्के वाटा मिळाला. २०१४ साली ‘एक सदस्य, एक मत’ आलं आणि ३ पौंड भरून नोंदणी करणाऱ्या समर्थकांनाही मत मिळालं. खासदारांच्या हाती उरली फक्त चाळणी: उमेदवाराला १५ टक्के खासदारांची शिफारस हवी. २०१५मध्ये पक्षाच्या डाव्या गटातल्या जेरेमी कॉर्बिन यांना ३५ शिफारशी लागत होत्या, मिळाल्या ३६. त्यांतल्या काहींनी तर केवळ चर्चा व्यापक व्हावी म्हणून सही केली होती! कॉर्बिन पहिल्याच फेरीत ५९.५ टक्के मतांनी जिंकले. वर्षभरात १७२ खासदारांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला, पण सदस्यांनी त्यांनाच पुन्हा निवडलं. २०२१मध्ये शिफारशींची अट २० टक्क्यांवर नेण्यात आली.

तरीही नेता बदलला की धोरण बदललंच, असं समजू नये. कॉर्बिन अण्वस्त्रांचे जुने विरोधक, पण २०१७च्या जाहीरनाम्यात पाणबुड्यांवरच्या ट्रायडंट अण्वस्त्रांच्या नूतनीकरणाला पाठिंबा कायम राहिला. या पाणबुड्या बांधणाऱ्या कामगारांच्या संघटना पक्षाला निधी देतात आणि पक्षाच्या अधिवेशनातल्या मतांचा मोठा वाटाही संघटनांकडेच असतो.

कार्यकर्ते नेत्यांपेक्षा आणि मतदारांपेक्षाही जहाल असतात, असा सिद्धांत राज्यशास्त्राचे अभ्यासक जॉन मे यांनी १९७३मध्ये मांडला. तो सगळीकडे लागू पडत नाही. कट्टर मताचे खासदार आणि मवाळ सदस्य अशीही जोडी सापडते, आणि तिथे सदस्यांना मताधिकार दिल्यावर पक्ष मध्याकडे सरकू शकतो.