जिस्ट: पोटातल्या गाठीला नाव मिळालं ते कसं

परभणी-बीडकडच्या माणसाच्या पोटात सोनोग्राफीला गाठ दिसली की डॉक्टरांच्या मनात आधी क्षयरोग येतो, मग लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. जठर-आतड्याच्या भिंतीतून वाढणारा जिस्ट (गॅस्ट्रोइन्टेस्टाइनल स्ट्रोमल ट्यूमर) बराच मागे राहतो. हे नावही अलीकडचंच. पूर्वी अशा गाठी सरसकट स्नायूंच्या मानल्या जात. 1983 मध्ये मझूर आणि क्लार्क यांनी जठरातल्या अशा अनेक गाठींत स्नायूंची लक्षणंच नसल्याचं दाखवून ‘स्ट्रोमल ट्यूमर’ हा शब्द वापरला. खरा उलगडा 1998 मध्ये जपानात झाला. हिरोता आणि सहकाऱ्यांना या गाठींत किट जनुकातला बिघाड सापडला. तेव्हापासून किटचं प्रथिन दाखवणारी सीडी117 तपासणी निदानाचा कणा झाली. पुढे डॉग1 ही दुसऱ्या प्रथिनाची तपासणी जोडीला आली, कारण काही जिस्टमध्ये सीडी117 निगेटिव्ह येते.

कॉन्ट्रास्ट सीटीत भिंतीतून बाहेर झुकलेली, रेखीव कडांची गाठ दिसते. मोठी असली तर मध्यभागी सडल्याचा काळपट भाग असतो. आजूबाजूच्या लसिकाग्रंथी सहसा वाढत नाहीत. त्या ठळक वाढल्या असतील तर क्षयरोग, लिम्फोमाकडे पुन्हा बघावं. पण सीटीवरून पक्कं नाव देता येत नाही, त्याला गाठीचा तुकडाच सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. गाठ नाजूक असते, फुटली तर पेशी पोटात सांडतात. म्हणून सहज निघणारी गाठ आधी बायोप्सी न करता अख्खी काढतात आणि मग तपासतात.

आणि काढलेली गाठ तपासणीला पाठवतानाच नेमकं आपल्याकडे नुकसान होतं. गाठ सलाइनमध्ये टाकून पुण्या-मुंबईला पाठवली की वाटेतच पेशी खराब होतात. हवं 10 टक्के बफर्ड फॉर्मालिन हे पेशी टिकवणारं द्रावण, गाठीच्या किमान दहापट, रुंद तोंडाच्या डब्यात. ते तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत मुरतं. त्यामुळे 12 सेंटीमीटरची गाठ न चिरता बुडवली तर आतला भाग सडतो, सीडी117 खोटी निगेटिव्ह येऊ शकते. काढल्याबरोबर सेंटीमीटरभर अंतरावर चिरा द्याव्यात.

अहवालात आकार, गाठीची जागा आणि 5 चौरस मिलिमीटरमधल्या विभाजन होत असलेल्या पेशींची संख्या हवीच, धोका त्यावरून ठरतो. अमेरिकेत 2002 मध्ये इमॅटिनिब या गोळीला जिस्टच्या उपचारासाठी मान्यता मिळाली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या पेटंटची मागणी फेटाळल्याने भारतात जेनेरिक गोळीची वाट मोकळी राहिली. नेहमीचा डोस रोज 400 मिलिग्रॅम. किट जनुकाच्या एक्सॉन 9 या भागातल्या बिघाडात अनेकदा 800 लागतात आणि पीडीजीएफआरए या दुसऱ्या जनुकातल्या डी842व्ही बिघाडात ही गोळी चालत नाही. हे कळायला जनुक तपासणी लागते, म्हणून घरच्यांनी पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, मागून घ्यावा. नुसत्या काचा (स्लाइड) पुरत नाहीत.