एसजीपीटी ५४, नॉर्मल पण कुणाच्या हिशेबाने?

परवा आमच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरची सून मोबाइल घेऊन दारात उभी. "काकू, तुम्ही बायोकेमिस्ट्री शिकवायचात ना? हा रिपोर्ट नॉर्मलच आहे ना? ठळक अक्षरात काहीच नाहीये."

मुलगा अकरा वर्षांचा, सहावीतला. दादरची शाळा, तिथूनच क्लास, घरी येताना कोपऱ्यावरचा वडापाव, मग लिफ्टने वर. वजन बघून बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. पानावर एसजीपीटी, म्हणजे यकृत दुखावलंय का हे सांगणारी तपासणी, तिच्यासमोर ५४ आणि शेजारी छापलेली मर्यादा ० ते ५५. म्हणजे यंत्राच्या हिशेबाने काठावर का होईना, पण पास.

माझ्या हिशेबाने नापास. उत्तर अमेरिकेतल्या बाल-पोटविकार आणि यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत मुलग्यांसाठी वरची मर्यादा २६ आणि मुलींसाठी २२ धरली आहे. ५४ म्हणजे दुपटीहूनही जास्त. त्याच तत्त्वांनुसार लठ्ठ मुलांची ही तपासणी नऊ ते अकरा या वयातच सुरू करायची असते. तेव्हा डॉक्टरांनी ती लिहून दिली हे योग्यच होतं. घोळ झाला तो छापील आकड्यापाशी.

हा ५५ येतो कुठून? 'नॉर्मल' ठरवायची पद्धत साधी आहे. वरवर निरोगी दिसणारी माणसं गोळा करायची, त्यांचं रक्त तपासायचं, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के छाटायचे आणि मधल्या पंच्याण्णव टक्क्यांना नॉर्मल म्हणायचं. पण त्या माणसांच्या यकृतात चरबी आहे का, हे कुणी पाहिलेलंच नसतं. सकाळच्या विरार लोकलमधली माणसं मोजून 'एका डब्यात इतकी माणसं बसतात' असा नियम काढावा, तसा हा प्रकार. २००२ मध्ये मिलानमधल्या संशोधकांनी रक्तदात्यांतून जाड आणि चयापचय बिघडलेली माणसं वगळून पुन्हा हिशेब केला. पुरुषांची मर्यादा ३० वर आणि बायकांची १९ वर उतरली. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयांची पाहणी झाली, तेव्हा कुठे ३० ही मर्यादा होती तर कुठे चक्क ९०; मधला आकडा ५३. खरोखर निरोगी मुलांवरून काढलेला आकडा मात्र मुलग्यांसाठी २५.८ आणि मुलींसाठी २२.१ निघाला. सव्वीस आणि बावीस आले ते इथून.

आता माझ्या आवडीचा भाग. एसजीपीटी, म्हणजेच एएलटी, हे यकृताच्या पेशींत ठासून भरलेलं एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. रिकाम्या पोटी किंवा व्यायामात स्नायू आपला नायट्रोजन अॅलनिन या अमिनो आम्लावर लादून यकृताकडे पाठवतात. यकृतात एएलटी अॅलनिनचा अमिनो गट काढून दुसऱ्या रेणूला चिकटवतं आणि उरतं ते पायरुव्हेट. त्याचं यकृत पुन्हा ग्लुकोज करतं. हा अमिनो गट हातात धरायला एएलटीला जो चिमटा लागतो, तो ब-६ जीवनसत्त्वापासून बनतो. पेशी धडधाकट असली की एन्झाइम आतच राहतं. पेशी दुखावली, तिचं आवरण झिरपायला लागलं, की ते रक्तात उतरतं.

पण रक्तात ते असतं अगदी नगण्य. त्याचं वजन करायला जाणं म्हणजे समुद्रात मीठ घालून समुद्र तोलणं. मग मोजायचं कसं? तर एन्झाइम मोजायचंच नाही, त्याचं काम मोजायचं. नळीत सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग, घ्यायचं, त्यात भरपूर अॅलनिन आणि त्याचा अमिनो गट घेणारा जोडीदार अल्फा-किटोग्लुटारेट घालायचा. एएलटी पायरुव्हेट बनवायला लागतं. पण पायरुव्हेट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सोबत दुसरं एन्झाइम ठेवायचं, लॅक्टेट डिहायड्रोजनेज. ते पायरुव्हेट दिसताक्षणी झडप घालून त्याचं लॅक्टेट करतं आणि प्रत्येक रेणूमागे एनएडीएच नावाचा एक रेणू खर्ची घालतं. खरी गंमत इथे आहे. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश गिळतं आणि खर्च झालं की गिळायचं थांबतं. नळीतून अतिनील किरण सोडा आणि पलीकडे किती पोचतो ते बघा. पलीकडे पोचणारा प्रकाश दर मिनिटाला जितका वाढेल, तितकं एएलटी जास्त. १९५५ मध्ये आर्थर कार्मेन यांनी एएलटीच्या भावंडासाठी, एसजीओटीसाठी, हीच प्रकाशाची युक्ती वापरली. आजही दादर ते डोंबिवलीपर्यंतच्या लॅबमधली यंत्रं तिच्यावरच चालतात.

हिशेबही करून बघू. ५४ युनिट म्हणजे एक लिटर सीरममध्ये मिनिटाला ५४ मायक्रोमोल (रेणू मोजायचं एक छोटं माप) पायरुव्हेट. नळीत सीरम दसपट पातळ झालं असेल तर ५.४. एनएडीएचचा शोषणांक, म्हणजे ते प्रकाश किती गिळतं त्याचं माप, ६२२०. म्हणजे एक सेंटिमीटर रुंदीच्या नळीत मिनिटाला शोषण जेमतेम ०.०३४ ने उतरतं. मुळात रक्तात थोडं पायरुव्हेट असतंच, ते आधी संपू द्यावं लागतं, म्हणून पहिला मिनिटभर मोजायचं नाही. तापमान ३७ अंश. (हे शिकवताना मागची दोन बाकं हमखास डुलक्या घ्यायची, मला माहीत आहे.) आणि काही लॅब नळीत ब-६ चा चिमटा वरून घालतात, काही घालत नाहीत. घातला की रक्तातलं चिमटा हरवलेलं एएलटीही कामाला लागतं आणि आकडा वाढतो. त्यामुळे एक आकडा या लॅबचा आणि दुसरा त्या लॅबचा घेऊन 'वाढलं, घटलं' करत बसू नये.

पेशी दुखावते कशी? यकृतात पाच टक्क्यांहून जास्त चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. लठ्ठ मुलांत शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं. पोटावरची चरबी मेदाम्लं सोडत राहते, स्वादुपिंड आणखी इन्शुलिन ओततं आणि तेच इन्शुलिन यकृताला साखरेपासून चरबी करायला सांगतं. नैसर्गिक असो की बाटलीतला, फळांच्या रसाचा पेला यात भरच घालतो. चरबीच्या थेंबांनी फुगलेल्या काही पेशी धुमसायला लागतात. दारूचा थेंबही न घेतलेल्या यकृताचं हे रूप १९८० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी मोठ्यांमध्ये वर्णन केलं. मुलांमध्येही ते दिसतं हे तीन वर्षांतच छापून आलं. आपल्याकडे एम्सच्या संशोधकांनी २०२२ मध्ये भारतातले अभ्यास एकत्र केले, तेव्हा लठ्ठ मुलांत हे प्रमाण शंभरात सुमारे त्रेसष्ट भरलं.

एएलटीची बाजू मांडते आहे म्हणून त्याचे दोष लपवणार नाही. यकृतात चरबी असूनही एएलटी शांत असू शकतं. आणि ते वाढलं म्हणजे चरबीच, असंही नाही. कावीळ करणारे विषाणू, तांबं साठवणारा विल्सनचा आजार, एखादं औषध, अगदी स्नायूंचा आजारसुद्धा ते वाढवतो. सोनोग्राफीला थोडी चरबी नीटशी दिसतच नाही. म्हणून आकडा त्या २६ किंवा २२ च्या दुपटीवर तीन महिने टिकला तर डॉक्टर बाकीची कारणं शोधतात. ८० च्या वर गेला तर वाट बघायची नाही.

मी मुलाला जवळ बोलावलं. गळ्यात काळा दोरा. तो जरा बाजूला केला तर खाली मानेवर काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा. "तो मळ हो," आई ओशाळली, "बेसन लावून घासते, पण निघतच नाही." निघणार कसा? जास्तीचं इन्शुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं, त्याची ती खूण. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेल्या दोऱ्याने नेमकी बघायची गोष्टच झाकली होती. 'बाळसं आहे, खात्यापित्या घरचा आहे' म्हणणाऱ्या आज्यांनाही हा पट्टा दाखवायला हवा.

तेवढ्यात सासूबाईंचा गुळवेलीचा काढा चर्चेत आला. लिव्हर साफ होतं म्हणे. यकृत हे काही तुंबलेलं गटार नव्हे. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली; आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, तो वाद निराळा. ज्या पोराचं एएलटी आधीच वाढलंय, त्याच्यावर मी तरी हा प्रयोग करणार नाही.

मग करायचं काय? लहान मुलांच्या फॅटी लिव्हरसाठी मान्यता मिळालेलं औषध नाही. पण अमेरिकेतला २०१९ चा एक प्रयोग मला फार आवडतो. फॅटी लिव्हर असलेले ११ ते १६ वयाचे चाळीस मुलगे. निम्म्यांच्या खाण्यातली वरून घातलेली साखर आणि रसांतली साखर आठ आठवडे जवळपास काढून टाकली. त्यांच्या यकृतातली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. बाकीच्यांची २१ वरून २०. यात एक अट होती. फक्त मुलाचं ताट बदलून भागलं नाही, अख्ख्या घराचं जेवण बदललं.

हे सांगितल्यावर ती क्षणभर गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ह्यांचा चहासुद्धा?"

"ह्यांचा, सासूबाईंचा आणि तुझाही," मी म्हटलं. "आणि आज संध्याकाळी हा रिपोर्ट डॉक्टरांना दाखव, ठळक अक्षरं नसली तरी."