संथ हाताचे शास्त्र

खानापूर-निपाणीकडच्या घरांत तान्ह्या बाळाला न्हाऊ घालण्याआधी तेल लावतात. कोमट खोबरेल तळहातावर घेऊन आजी बाळाच्या पाठीवरून, दंडांवरून हात फिरवते. तो हात घाईचा नसतो आणि हळूहळू बाळाच्या आवळलेल्या मुठी सुटतात. या संथपणाची दखल घेणारी स्वतंत्र व्यवस्था आपल्या त्वचेत आहे.

स्पर्शाची वार्ता मेंदूकडे नेणारे जाड, जलद मज्जातंतू वस्तूची पारख करतात. वडगाव-शहापूरचा विणकर चिमटीतल्या सुताचा पीळ आणि जाडी ओळखतो, ती बोटांच्या टोकांतल्या याच तंतूंच्या बळावर. त्यांच्या जोडीला अतिशय बारीक असे दुसरे तंतू असतात, ज्यांतून संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर सरकतो. ते हात, पाठ, चेहरा अशा लव असलेल्या त्वचेत आढळतात, तळहातात मात्र फारच तुरळक. स्वीडनचे शास्त्रज्ञ झॉटरमन यांनी १९३९ मध्ये ते मांजरांत नोंदवले, आणि माणसातला त्यांचा सविस्तर अभ्यास १९९० च्या दशकात झाला. हात सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरला आणि त्याची ऊब त्वचेइतकीच, म्हणजे सुमारे ३२ अंश सेल्सिअस असली, की हे तंतू सर्वाधिक उद्दीपित होतात. ज्या स्त्रीचे जाड तंतू निकामी झाले होते, तिला हातावरून मऊ ब्रश फिरवल्यावर अंधूक, तरीही सुखद संवेदना होत असल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

बाळपणी मिळणारा हा हात मोठेपणी फारसा कोणाच्या वाट्याला येत नाही, आणि मुले हाताशी आली की नवराबायकोतला स्पर्शही कामापुरता उरतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. अमेरिकेतील लैंगिकता-संशोधक मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० मध्ये जोडप्यांसाठी एक साधी पद्धत मांडली: समागमाचा हेतू काही काळ पूर्ण बाजूला ठेवून दोघांनी आळीपाळीने एकमेकांना स्पर्श करायचा आणि लक्ष फक्त त्या संवेदनेवर ठेवायचे. लैंगिक समस्यांच्या उपचारात ती आजही वापरली जाते. निरोगी जोडप्यांनीही रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे तिच्यासाठी राखायला काहीच हरकत नाही. अर्थात दोघांची इच्छा हवी, कारण नकोसा हात याच वेगाने फिरला तरी मेंदू त्याला सुख मानत नाही.

चवीच्या सुखालाही सावकाशपणा मानवतो. एखादी गोष्ट हवीशी वाटणे आणि ती प्रत्यक्ष आवडणे या मेंदूतल्या वेगळ्या प्रक्रिया आहेत, हे मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांच्या संशोधनातून पुढे आले: ओढ जागवणारे डोपामिन हे मेंदूतले रसायन जवळजवळ संपलेले उंदीर अन्नाकडे वळत नसत, पण तोंडात साखरेचे पाणी घातले की चवीने जीभ फिरवत. म्हणूनच ओढ कायम असताना आवड ओसरलेली असू शकते. दूध आटवून केलेल्या बेळगावी कुंद्याचा पहिला चमचा सर्वांत गोड लागतो, आणि तीच चव पुन्हापुन्हा घेतली की तिची गोडी उतरत जाते; त्यामुळे वाटीभर कुंदा भराभर संपवण्यापेक्षा दोन चमचे तोंडात घोळवून, खरपूस दुधाचा वास नाकापर्यंत चढू देत खाल्ले, तर सुख जास्त मिळते.