दहाच्या आत माणसं, म्हणजे कायदा नाही?

‘दुकानात दहापेक्षा कमी माणसं असली की कामगार कायदा लागूच होत नाही’ हा निरोप व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. तो पूर्ण खोटा नाही, म्हणूनच पटतो.

मुळात कामगार कायदा हा एकच कायदा नाही, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. भविष्य निर्वाह निधीला 20, ग्रॅच्युइटीला 10. किमान वेतनाला मात्र संख्येची अटच नाही.

दादरचं एक कापडाचं दुकान धरा. काउंटरवर चौघं, एक हिशेबाला, एक सामान पोहोचवणारा. या सहाही जणांना किमान वेतन द्यावंच लागतं. त्यातला विशेष भत्ता, म्हणजे महागाईशी जोडलेला भाग, दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. गेल्या वर्षीचा दर चालवणं इथेच अंगाशी येतं. सामान पोहोचवणाऱ्याचा पगार 10,000च्या वर असेल, तर व्यवसाय कर महिना 200 रुपये, फेब्रुवारीत 300, मालकानेच कापून भरायचा. लैंगिक छळाविरुद्धचा 2013चा कायदाही आहेच. दहाच्या आत अंतर्गत समिती नसते, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

आणखी एक गंमत: एकदा दहा माणसं झाली आणि नंतर आठच उरली, तरी ग्रॅच्युइटी सुटत नाही.

पडताळायचं तर कायद्याच्या पहिल्या पानांवरचं ‘लागू होणे’ हे कलम वाचा. वेतनाचा चालू दर राज्याच्या कामगार विभागाच्या संकेतस्थळावर असतो. आपला उद्योग आणि परिमंडळ (वेतनदरासाठी ठरवलेला विभाग) बघून पगारपत्रकाशी ताडून घ्या. निरोपात कायद्याचं नाव आणि वर्षच नसेल, तर पाठवणाऱ्याला ते आधी विचारा.