जॉबर (व्यावसायिक कुस्ती)

व्यावसायिक कुस्तीत हरण्यासाठीच रिंगमध्ये उतरवल्या जाणाऱ्या मल्लाला जॉबर म्हणतात. या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. समोरच्या मल्लाला बलाढ्य दाखवायचे आणि दोन-चार मिनिटांत चितपट व्हायचे, हे जॉबरचे काम. कंपन्या त्याला ‘एन्हान्समेंट टॅलेंट’ म्हणतात आणि अशा एकतर्फी लढतीला ‘स्क्वॉश’. या धंद्यात सर्वांत कमी मोल मिळालेला कलावंत हाच.

लाल मातीच्या फडावर नुरा कुस्ती कळली की प्रेक्षक चिडतात आणि ते रास्तच आहे, कारण तिथे खऱ्या झुंजीचे वचन दिलेले असते. अमेरिकी व्यावसायिक कुस्तीचा करार वेगळा आहे. डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या कुस्ती कंपनीने १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटपुढे ही करमणूक असल्याचे उघड मान्य केले. त्यामुळे इथे कोण हरले यापेक्षा कसे हरले, हेच कसबाचे माप धरायला हवे.

रिंगची जमीन म्हणजे पोलादी तुळया, त्यांवर लाकडी फळ्या, फोमचा पातळसा थर आणि ताणून बांधलेले कॅनव्हास. तिच्यावर पाठीवर पडण्याला ‘बम्प’ म्हणतात. हनुवटी छातीशी घट्ट धरायची, डोके टेकू द्यायचे नाही, श्वास सोडायचा, पाठीचा वरचा भाग सपाट टेकवायचा आणि त्याच क्षणी दोन्ही हात जमिनीवर आपटायचे. त्यामुळे आघात अंगभर विभागला जातो आणि आवाजही दणदणीत येतो. सुप्लेक्ससारख्या, म्हणजे उचलून मागे पाठीवर आपटण्याच्या, डावात उचलला जाणारा मल्ल स्वतः उडी मारून अर्धे वजन हलके करतो. प्रेक्षक मात्र टाळ्या वाजवतात त्या उचलणाऱ्याच्या ताकदीला.

यापुढचे कसब ‘सेलिंग’चे, म्हणजे बसलेला मार अंगावर दाखवण्याचे. कमी दाखवला तर डाव खोटा ठरतो, जास्त दाखवला तर हसू होते. सुरुवातीला जॉबरला थोडा प्रतिकार करावा लागतो, कारण आधीच हार मानलेल्या माणसाला पाडून कोणी मोठा होत नाही. त्यातही समोर अनेकदा कंपनीने नुकताच उचललेला, अंगाने धिप्पाड पण कामात कच्चा गडी असे. त्याचे पाय चुकत, पकड चुकत असे. आजची लढत कशी न्यायची हे अनुभवी जॉबरच त्याच्या कानात सांगे आणि त्याच्या चुका झाकून घेई.

यात धोका खरा असतो. १९९० मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे चक ऑस्टिन हा जॉबर द रॉकर्स या जोडीविरुद्ध उतरला होता. डाव खाताना तो डोक्यावर पडला आणि त्याची मान मोडली. पुढे १९९४ मध्ये ज्यूरीने त्याला २ कोटी ६७ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. ठरवलेल्या निकालाला ‘सगळे खोटे’ म्हणणाऱ्यांनी हा खटला लक्षात ठेवायला हवा.

जॉबरची भरभराट १९८० च्या दशकात झाली. डब्ल्यूडब्ल्यूएफचा ‘सुपरस्टार्स ऑफ रेसलिंग’ किंवा टीबीएस वाहिनीवरचे शनिवारचे कुस्तीचे कार्यक्रम म्हणजे मुळात जाहिराती होत्या. बड्या मल्लांची गाठ तिकिटाच्या खेळांत किंवा पैसे भरून पाहायच्या कार्यक्रमांतच घालायची असे. मग फुकटच्या प्रक्षेपणात त्यांनी लढायचे कोणाशी? कित्येक आठवड्यांचे भाग एकाच रात्री चित्रित होत. त्यासाठी आसपासचे मल्ल बोलावले जात आणि एकेकाला एकाच रात्री एकापेक्षा जास्त वेळा हरावे लागे.

डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पहिल्या रेसलमेनिया या मोठ्या सोहळ्यात (३१ मार्च १९८५) अँटिग्वाचा एस. डी. जोन्स किंग काँग बंडीकडून ९ सेकंदांत हरल्याची घोषणा झाली. प्रत्यक्षात लढत वीसहून अधिक सेकंद चालली होती. बंडीचा दरारा वाढावा म्हणून जोन्सच्या वाट्याची ती थोडी सेकंदेही कापली गेली. स्टीव्ह लोम्बार्डी ‘ब्रुकलिन ब्रॉलर’ नावाने फाटका टी-शर्ट घालून वर्षानुवर्षे हरला आणि पुढे त्याच कंपनीत पडद्यामागे काम करू लागला.

मात्र या परंपरेतला सर्वांत गुणी मल्ल बॅरी होरोविट्झ. बोरिस मालेंकोच्या हाताखाली तयार झालेला हा मल्ल पकडीच्या शास्त्रात अनेक विजेत्यांहून सरस होता. कोणी शाबासकी देत नाही म्हणून तो स्वतःच स्वतःची पाठ थोपटायचा. त्याच्या जाकिटाच्या पाठीवर हाताचा पंजाही काढलेला असे. जुलै १९९५ मध्ये दाखवलेल्या लढतीत त्याने स्किप या मल्लाला हरवले आणि समालोचकाला आवाज आवरेना. ऑगस्टमध्ये समरस्लॅम या मोठ्या कार्यक्रमात त्याने स्किपला पुन्हा पाडले. त्या विजयाला वजन आले ते आधीच्या कित्येक वर्षांच्या पराभवांमुळे. कंपनीने पुढे त्याला पुन्हा जुन्याच जागी ढकलले, हा तिचा करंटेपणा.

त्याच्याही आधी, १७ मे १९९३ रोजी, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ‘रॉ’ या कार्यक्रमात शॉन वॉल्टमन या किरकोळ पोराने रेझर रॅमन या बड्या मल्लाला मूनसॉल्ट (उलटी कोलांटी घेत अंगावर झेप) मारून चीत केले होते. त्याआधी निरनिराळ्या नावांनी तो तिथे हरतच होता. त्या एका रात्रीतून ‘१-२-३ किड’ जन्मला. पुढे विजेते झालेल्या अनेकांची सुरुवातही हरण्यातच झाली. मिक फोलीने १९८६ मध्ये ब्रिटिश बुलडॉग्ज या जोडीचा मार खाल्ला आणि त्यांतल्या डायनामाइट किडच्या फटक्याने त्याच्या जबड्याला इजा झाली. जेफ हार्डी १९९४ मध्ये रेझर रॅमनपुढे उभा राहिला तेव्हा अवघा १६ वर्षांचा होता.

४ सप्टेंबर १९९५ रोजी डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीचा ‘नायट्रो’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि सोमवारच्या प्रेक्षकांसाठी दोन कंपन्यांची चढाओढ लागली. आता दूरचित्रवाणीवरच बड्याशी बडा भिडू लागला आणि जॉबरचा रोजगार आटला. तरी डब्ल्यूसीडब्ल्यूच्या गोल्डबर्ग या मल्लाची प्रसिद्ध विजयमालिका मुख्यतः जॉबरांच्याच पाठीवर उभी राहिली. तिचे विडंबन म्हणून डब्ल्यूडब्ल्यूएफने डुएन गिल या जुन्या जॉबरला ‘गिलबर्ग’ केले. त्याच्याकडे लाइट हेवीवेट किताब नोव्हेंबर १९९८ पासून फेब्रुवारी २००० पर्यंत राहिला.

महाराष्ट्रात केबल घरोघरी आली तेव्हाच्या पिढीने ही कुस्ती पाहिली आणि त्याहून जास्त तिचे ट्रम्प कार्ड खेळले. उंची, वजन, छाती, दंड आणि जिंकलेल्या लढती अशी त्या पत्त्यांवरची मोजमापे होती. त्या हिशेबात होरोविट्झसारख्याला जागाच नव्हती.

जपानमध्ये पराभवाकडे शिक्षण म्हणून पाहतात. न्यू जपान प्रो-रेसलिंगमधले नवखे मल्ल, म्हणजे ‘यंग लायन’, साध्या काळ्या चड्डीत उतरतात, मोजकेच मूलभूत डाव वापरतात आणि ज्येष्ठांकडून सतत हरतात. मग परदेशात पाठवणी होते आणि परतल्यावर स्वतःचे रूप मिळते. मला ही रीत अमेरिकी पद्धतीपेक्षा न्याय्य वाटते, कारण हरणाऱ्याला इथे पुढचा रस्ता ठाऊक असतो.

अमेरिकेतही २०१६ मध्ये जेम्स एल्सवर्थ हा जॉबर डब्ल्यूडब्ल्यूईत धिप्पाड ब्रॉन स्ट्रोमनकडून झटपट हरला, पण त्याच्या अवताराने प्रेक्षकांना असे काही वेधले की त्याला करार मिळाला आणि काही महिन्यांत त्याने एजे स्टाइल्स या बड्या मल्लावर विजयही नोंदवला. २०१९ ते २०२३ या काळात एईडब्ल्यू या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने यूट्यूबवर ‘डार्क’ हा कार्यक्रम चालवला. त्यात कोणत्याही कंपनीशी करार नसलेल्या स्वतंत्र मल्लांना कंपनीच्या मल्लांविरुद्ध नियमित लढती मिळाल्या आणि त्यांतल्या काहींना पुढे कंपनीत कायमची जागाही मिळाली.