ग्रेटेस्ट हिट्स (संकलन-अल्बम)

एखाद्या गायकाची किंवा बँडची पूर्वी सुटी निघून गाजलेली गाणी एकत्र करून काढलेला अल्बम. गाणी जुनीच असतात. निवड, क्रम, मुखपृष्ठ आणि कधी एखादे नवे गाणे एवढीच नव्याने केलेली भर.

उगमाविषयी एकमत नाही. पहिलेपणाचा मान सामान्यतः अमेरिकी गायक जॉनी मॅथिसच्या ‘जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स’ (कोलंबिया, मार्च १९५८) या तबकडीला देतात. मॅथिस दौऱ्यावर असल्याने नवे ध्वनिमुद्रण हाती नव्हते, म्हणून कंपनीने सुटी गाणी जमवली, असे सांगितले जाते. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत ती ४९० आठवडे टिकली. परंतु मॅथिस रॉक गायक नव्हे. त्याच महिन्यात आरसीए व्हिक्टर कंपनीने ‘एल्विसेस गोल्डन रेकॉर्ड्स’ बाजारात आणला आणि २४ मार्चला त्याचा गायक एल्विस प्रेस्ली अमेरिकी लष्करात भरती झाला. रॉकपुरता आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. काहीजण अमेरिकी वाद्यवृंदप्रमुख ग्लेन मिलरच्या १९४५ च्या संचापर्यंत मागे जातात. मिलर १९४४ च्या डिसेंबरात विमानासह बेपत्ता झाला, त्यानंतरचा हा संच. मात्र तो मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या अनेक तबकड्यांचा होता. कोलंबियाने १९४८ मध्ये एलपी (लाँग प्ले, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी) आणली आणि एका बाजूला वीसेक मिनिटे मावू लागली, तेव्हा कुठे डझनभर गाणी एका तबकडीवर आली. त्यामुळे मिलर संचाला पूर्वरूप म्हणणेच बरे.

ध्वनिमुद्रणाचे हक्क बहुधा कंपनीकडे असल्याने असा अल्बम कलावंताच्या उत्साहावाचूनही निघू शकतो. जुनी गाणी घरात असलेल्या चाहत्यांनीही तो घ्यावा म्हणून नवे गाणे जोडण्याची युक्ती रूढ झाली. अमेरिकी रॉक गायक टॉम पेटीचे १९९३ चे संकलन हे तिचे ठळक उदाहरण.

ईगल्स या अमेरिकी बँडचा ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स १९७१–१९७५’ (फेब्रुवारी १९७६) हा अमेरिकेत प्लॅटिनम (दहा लाख प्रतींच्या खपाचे) प्रमाणपत्र मिळालेला पहिला अल्बम. २०१८ मध्ये तो ३८ पट प्लॅटिनम ठरला. त्यात ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ नाही. ते गाणे त्याच वर्षाच्या अखेरीस आले, तरी आपल्याकडचे श्रोते ते याच अल्बमात शोधतात. क्वीन या ब्रिटिश बँडचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ (१९८१) ब्रिटनमधील सर्वाधिक खपाचा अल्बम होय. देशागणिक त्यातील गाणी बदलत. गायक फ्रेडी मर्क्युरीचे शालेय शिक्षण पाचगणीत झाले, हे मराठी लेखनात न चुकता येते.

नाशिकच्या संदर्भात रॉकपेक्षा अभिजात संगीताचे उदाहरण जवळचे आहे. येथे जन्मलेले द. वि. पलुस्कर (१९२१–५५) यांच्या हयातीतील बऱ्याच ध्वनिमुद्रिका ७८ फेऱ्यांच्या, म्हणजे एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांच्या होत्या. त्यांतील निवडक गायन पुढे एलपीवर संकलित झाले. पद्धत तीच, मात्र खपापेक्षा जतनाचा हेतू मोठा. कॅसेटच्या काळात नाशिककर श्रोत्यांचे संकलन घरगुतीच असे: साठ मिनिटांची कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानात द्यायची, ‘भरून’ घ्यायची. अ-बाजूचे शेवटचे गाणे पुष्कळदा कडव्यातच तुटे, कारण फीत तिथे संपलेली असे. स्ट्रीमिंग आल्यावर हे काम वाजवण्याच्या यादीने (प्लेलिस्टने) घेतले. जुन्या संकलनांचा खप मात्र आता ऐकण्याच्या आकड्यांतही मोजला जातो.