टब हलू द्या, मशीन जागेवर राहील

स्पिन सुरू झालं की धावत जाऊन वॉशिंग मशीनवर दोन्ही हात टेकवणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत. कोणी बाजूला पाचर ठोकतं, कोणी डोक्यावर जड ओझं ठेवतं. हेतू चांगलाच असतो, पण त्यामागची समजूत उलटी आहे. कपडे पिळताना मशीनच्या पोटात हालचाल व्हायलाच हवी. तिथे तिला मोकळीक मिळाली नाही, की ती बाहेर येते आणि मशीन जागा सोडतं.

आधी जोर किती असतो ते बघू. गोफणीत दगड घालून गरगर फिरवली की हाताला ओढ बसते आणि वेग दुप्पट केला की ओढ चौपट होते. ड्रममध्ये ओले कपडे सगळीकडे सारखे पसरले, तर समोरासमोरच्या ओढी एकमेकींना फेडून टाकतात. पण एका बाजूला 300 ग्रॅम जास्त आहेत असं धरा, म्हणजे एखादा लहानसा ओला टॉवेल. ड्रमची त्रिज्या 25 सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला 1200 फेरे. हिशेब केला तर ओढ जवळजवळ 1200 न्यूटन भरते, म्हणजे 120 किलो वजनाइतकी! शिवाय ती एका दिशेला टिकत नाही. सेकंदाला 20 वेळा वर, बाजूला, खाली अशी फिरत राहते. वेग 600 फेऱ्यांवर आणला तर तीच ओढ 30 किलोंवर उतरते.

फ्रंट लोड मशीन स्वतः साधारण 60-70 किलोंचं असतं. मग ते उडत कसं नाही? कारण ज्या टबात ड्रम फिरतो, तो टब बाहेरच्या पेटीला घट्ट जोडलेलाच नसतो. फ्रंट लोडमध्ये तो वरून स्प्रिंगांना टांगलेला असतो आणि खालून त्याला डॅम्परांचा, म्हणजे हेलकावे शोषून घेणाऱ्या दांड्यांचा, आधार असतो. टॉप लोडमध्ये तो चार कोपऱ्यांतल्या चार रॉडवर लोंबतो. फ्रंट लोडच्या टबाला तर चक्क काँक्रीटचे ठोकळे बांधलेले असतात. टब जितका जड, तितका तो त्या ओढीने कमी हलतो. टब, मोटर, ठोकळे आणि कपडे मिळून 40 किलो धरले, तर तो 300 ग्रॅमचा टॉवेल या सगळ्याला जेमतेम 2 मिलिमीटर हलवू शकतो. ओढीचा बहुतेक जोर टबाला हलवण्यातच खर्ची पडतो आणि पेटीपर्यंत थोडाच पोहोचतो.

हे शहाणपण वॉशिंग मशीनच्या कितीतरी आधीचं आहे. फिरणारा दांडा एका ठरावीक वेगापलीकडे नेताच येणार नाही, असा निष्कर्ष रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने 1869 साली मांडला होता. पुढे स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी आपली वाफेची टर्बाइन मिनिटाला 30,000 फेऱ्यांपर्यंत पळवली. थरथर दाबण्यासाठी दांडा जाड करण्याऐवजी त्यांनी तो मुद्दाम बारीक आणि लवचीक ठेवला. एका वेगाला तो भयंकर थरथरतो आणि तो वेग ओलांडला की शांत होतो! कारण त्यापुढे फिरणारी वस्तू आपल्या खऱ्या गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते. फक्त तिला तेवढं सरकायला मोकळीक हवी.

आपल्या टबाचंही तसंच आहे. टांगलेल्या प्रत्येक वस्तूचा स्वतःचा एक झोका असतो. ड्रमच्या फेऱ्या त्या झोक्याच्या तालाशी जुळल्या, की झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का मिळावा तसा टब जोरात डोलतो. यालाच अनुनाद म्हणतात. हा वेग पूर्ण स्पिनच्या बराच खाली असतो. म्हणून स्पिन चढताना आणि उतरताना काही सेकंद होणारी धडधड स्वाभाविक आहे. तेवढ्यापुरते डॅम्पर टबाला आवरून धरतात.

बऱ्याच टॉप लोड मशीनचा रिकामा, कोरडा ड्रम हाताने फिरवला तर आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. ती गळती नव्हे. ड्रमच्या वरच्या काठाशी बंद कडं असतं आणि त्यात खारं पाणी भरलेलं असतं. वेग अनुनादाच्या पलीकडे गेला की हे पाणी आपणहून हलक्या बाजूला सरकतं आणि तोल सांभाळतं. मला हे कडं फार आवडतं. ना सेन्सर, ना तार.

आता कपड्यांकडे वळू. 25 सेंटिमीटर त्रिज्येच्या ड्रममध्ये मिनिटाला साधारण 60 फेऱ्यांना कपडे वरून खाली पडायचे थांबतात आणि भिंतीला चिकटतात. मशीन या वेगाच्या आसपास कपडे पसरवून बघतं, मोटरच्या वेगातल्या चढउतारावरून तोल जोखतं आणि जमलं नाही तर सगळं खाली पाडून पुन्हा प्रयत्न करतं. शेवटची काही मिनिटं लांबत जातात ती बऱ्याचदा यामुळेच. पण आत एकच जाड पायपुसणं असेल तर ते बिचारं पसरवणार काय? सोबत दोन-तीन टॉवेल टाका. अर्ध्याहून रिकामा ड्रम भरलेल्या ड्रमपेक्षा जास्त त्रास देतो. रजईची खोळ बाकीचे कपडे गिळून त्यांचा गोळा करते, म्हणून तिची बटणं लावूनच ती आत घाला. रेनकोटसारखे पाणी न झिरपणारे कपडे मात्र स्पिनला लावूच नका. त्यांच्या घड्यांत साचलेलं पाणी भर वेगात अचानक सुटतं आणि तोल एका क्षणात बिघडतो.

नवीन किंवा नुकतंच हलवलेलं फ्रंट लोड मशीन पहिल्याच स्पिनला नाचू लागलं, तर ते तिथेच बंद करा आणि मागची बाजू बघा. वाहतुकीत टब आदळू नये म्हणून तिथे तीन-चार लांब ट्रान्झिट बोल्ट लावलेले असतात. ते तसेच राहिले, तर टब आणि पेटी एकजीव होतात आणि वर सांगितलेला सगळा जोर थेट फरशीवर येतो. काढलेले बोल्ट जपून ठेवा, पुढच्या वेळी मशीन हलवताना लागतील.

मशीन जागेवरून सरकतं ते जड कपाट सरकवतात तसंच: एक कोपरा जरासा हलका झाला, घर्षण घटलं, की बाजूची ओढ त्याला पुढे नेते. त्यामुळे चारही पाय सारखे टेकणं फार महत्त्वाचं. वरच्या झाकणावर तिरप्या रेषेत समोरासमोर येणारे दोन कोपरे आळीपाळीने दाबा, मग उरलेली जोडी. जरा जरी डुगडुगलं तर एक पाय अधांतरी आहे. पान्ह्याने तो फरशीला टेकेपर्यंत फिरवा, पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी लेव्हल बघा आणि शेवटी पायावरचा लॉकनट पेटीच्या तळाशी घट्ट आवळा. बहुतेकजण हा नट विसरतात आणि महिनाभरात पाय पुन्हा सैल होतो. पाय बाहेर काढायचे ते गरजेपुरतेच. चाकांचा स्टँड आणि जाड, मऊ स्पंजासारखे पॅड मी तरी वापरू नका असंच सांगेन. त्यांवर पेटीच डोलायला लागते. पातळ, कडक रबर चालेल, ते फरशीची पकड वाढवतं.

एवढं करूनही आदळआपट थांबली नाही, तर प्लग काढा, दार उघडा आणि रिकाम्या टबाची वरची कड खाली दाबून सोडा. टब एकदा वर येऊन थांबला तर डॅम्पर शाबूत आहेत. तो डोलतच राहिला तर ते गेले. बदलताना डावा-उजवा जोडीनेच बदलावा, नाहीतर एक बाजू आवरते आणि दुसरी सुटते. मग ड्रमची कड आतून वर उचलून बघा. टबही सोबत उचलला गेला तर ठीक. नुसता ड्रमच खडखडला आणि स्पिनला विमानासारखी घरघर येत असेल, तर बेअरिंग, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यात फिरतो ते कडं, झिजलंय. दुरुस्त होईपर्यंत त्यात कपडे पिळू नका.